घरचं एक माणूस

तयारी झाली नाही, शर्यत तर परवावर आली, आता काय नाव द्यायचं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. दे की नाव. महिनाभर तयारी करून माणूस फार तर थोडा आधी पोचतो. दोन दिवसांवर आलेल्या शर्यतीत नाव दिलं की काय होतं, ते मी पाहिलंय.

आमच्या कोल्हापुरात गावाबाहेरच्या एका तलावावर वर्षातून एकदा ट्रायथलॉन व्हायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाव मोठं, पण कारभार घरगुती. पोहण्याचं वेड असलेली पाच-सहा माणसं मिळून ती भरवायची. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, शेवटी पळणं. सायकली आणि कपडे सांभाळायला त्यांच्याकडं माणसंच नसायची, म्हणून एक नियम होता. प्रत्येकानं घरचं एक माणूस बरोबर आणायचं. माणूस नाही तर नाव नाही. मी शाळेत शिकवत होते, पस्तिशी ओलांडली होती, पोरं ‘बाई पळत्यात’ म्हणून हसायची, तरी दोन वर्षं मी भाग घेतला होता. दोन्ही वेळा नवरा सायकल धरून उभा होता.

तिसऱ्या वर्षी मी विषयच काढला नव्हता. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकव्याचा झटका येऊन आठ महिने झाले होते. पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. पण तोंड वाकडं राहिलं, बोलणं जड झालं. समोरचा ‘काय म्हणालासा?’ असं विचारायचा आणि आबा गप्प व्हायचे. असं चार-पाचदा झालं, मग त्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या निम्म्या गल्लीला या माणसानं पाठीला पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकवलेलं. घाटावरून ओरडले की पार पलीकडं ऐकू जायचं. आणि आता कुणी दारात आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मला ते बघवायचं नाही. रागही यायचा, आणि मग रागावल्याचं वाईट वाटायचं.

शुक्रवारी संध्याकाळी पंक्चर काढायला सायकलच्या दुकानात गेले, तर तिथं कागद चिकटवलेला. शर्यत रविवारी. नवऱ्याची इचलकरंजीला यंत्रमागावर रविवारची पाळी. आई शाहूवाडीला भाचीच्या लग्नाला गेलेली, तिच्यामागं आबांकडं बघायला मीच माहेरी आले होते. मी तिथल्या तिथं नाव दिलं. घरचं माणूस म्हणून आबांचं नाव लिहिलं आणि घरी येऊन त्यांना सांगितलं.

“म्या न्हाय येत,” आबा म्हणाले.

“मग माझं नाव कटतंय. दुसरं कोण हाय सांगा.”

त्यांनी बराच विचार केला. दुसरं खरंच कोणी नव्हतं. हातात महिना असता तर महिनाभर नाही म्हणाले असते, कुठला तरी चुलतभाऊ शोधून दिला असता. दोन दिवसांत त्यांना काहीच जमलं नाही. रविवारी सकाळी तोंडावरून मफलर घेऊन ते रिक्षात बसले. मी सायकलवर मागोमाग.

तलावावर त्यांच्याकडं सायकल आणि बुटांची पिशवी दिली. सायकल मी चपला घालूनच चालवायची, बूट फक्त पळायला. पोहून बाहेर आले तेव्हा ते सगळ्यांकडं पाठ करून उभे होते, चांगल्या हातानं सायकल घट्ट धरून. माझ्याकडंही बघितलं नाही. माझा जीव कळवळला. कशाला हट्ट केला, म्हणून स्वतःलाच शिव्या घालत मी पायडल मारत राहिले.

परत आले तर ते जागेवर नव्हतेच. सायकल झाडाला टेकवून शोधायला लागले, तर पलीकडं चहाच्या गाड्यापाशी चार-पाच अनोळखी माणसं, आणि मधे बाकड्यावर आबा. मफलर गळ्यात, बुटांची पिशवी काखेत.

“माजी लेक हाय ती, पावणं,” ते सांगत होते. “म्या शिकवलंय तिला पवायला.”

“काय म्हणालासा?” एकानं विचारलं.

आबा थांबले. मग त्यांनी काठी आपटली आणि तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. तरी त्या माणसाला कळलं नाही. आबांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

बुटांसाठी हाक मारली असती तर ते गडबडून उठले असते, बोलणं तिथंच तुटलं असतं. मी चपला काढल्या आणि अनवाणी पळाले. रस्ता खडीचा. डोळे भरलेले, समोरचं धड दिसत नव्हतं. इतक्या आनंदात मी पुन्हा कधी पळाले नाही. शेवटून दुसरी आले.

आबांनी माझे पाय बघितले आणि भडकले. “बूट माज्याजवळ हुतं की. मागाय काय झालतं?”

“ध्यानातच आलं न्हाय,” मी म्हणाले.

रिक्षा त्यांनी गल्लीच्या तोंडालाच थांबवायला लावली. मागून येणारी मीही सायकलवरून उतरले. तिथून घरापर्यंत ते मला बोल लावत चालले, जड जिभेनं, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. एकेक माणूस दारात येऊन बघायला लागलं. माझे तळपाय सोलवटले होते, कधी एकदा घरी जाऊन टेकते असं झालं होतं. तरी मी मुद्दाम हळू चालले.