समोरच्या मावशी आणि गेमची गाणी

व्हिडिओ गेमच्या संगीतावर नाचण्यासाठी जे रीमिक्स अल्बम निघतात, त्यांचा आमच्या समोरच्या मावशींइतका जाणकार अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही, आणि नुसतं मुलुंड म्हणतोय तो माझा नम्रपणा. गंमत अशी की मावशींनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही. वय साठीच्या पुढे, लग्न केलं नाही, औषधांच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळून निवृत्त झाल्या, आणि मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत बसलेली माणसं त्यांना पोरकट वाटतात. पण गेममधल्या गुहेत वाजणारी मूळ धून कोणती, तिच्याखाली ठेका कोणी घातला आणि कोणत्या अल्बमात तिची गती वाढवून पार वाट लावली, हे सगळं त्या मेथी निवडता निवडता सांगतात.

याची सुरुवात झाली डॉक्टरांमुळे. त्यांची आई गेल्यावर मावशी घरात एकट्याच उरल्या. काही महिन्यांत साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, गाणी लावून रोज अर्धा तास हातपाय हलवा. मावशींनी जुनी सिनेमाची गाणी लावली, पण कडवं संपायच्या आत त्या सोफ्यावर बसलेल्या असायच्या. "शब्द आले की माणसं येतात रे," त्या मला म्हणाल्या. "हे आईला आवडायचं, ते ऑफिसातली मैत्रीण गुणगुणायची. व्यायाम राहतो बाजूला आणि मी डोळे पुसत बसते." मग एकदा गाणं संपल्यावर फोनने आपण होऊनच पुढचं लावलं. टुणटुण टुणटुण आणि खाली धपधप. शब्द नाहीत, गाणारा आवाज नाही, कोणाची आठवण नाही. मावशी अर्धा तास नाचल्या. "या गाण्यांची आणि माझी कसलीच जुनी ओळख नाही," हे कारण त्यांनी मला अगदी सहज सांगितलं.

मूळ नावं जपानी, ती तोंडात बसेनात, म्हणून मावशींनी आपली नावं ठेवली. एक 'ओलं तळघर', एक 'बर्फावरची घसरगुंडी', एक 'शेवटचा राक्षस, दमलेला'. डाळ त्या घड्याळ बघून नव्हे, तर तळघर संपेपर्यंत शिजवतात. ही गाणी बसून ऐकायची नाहीत असा त्यांच्या घरचा नियम आहे. मी एकदा त्यांचा डबा परत द्यायला गेलो, तर त्यांनी हातात चहाचा कप देऊन मला हॉलच्या मधोमध उभं केलं. ठेका सुरू झाल्यावर माझा पाय हलला, कप हलला, आणि माझ्या नव्या शर्टाकडे न बघता त्या समाधानाने म्हणाल्या, "लागला बघ, ताल लागला." नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी दोन अल्बमांतला फरक ओळखायला लावला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला त्या आरतीत टाळ्या वाजवत होत्या, पण मनातल्या वेगळ्याच ठेक्यावर. हळूहळू त्यांच्या आजूबाजूच्या बायकाही तसंच वाजवू लागल्या, आणि आरती अशी काही धावली की गुरुजी एक कडवं मागे राहिले.

सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी मुलांच्या नाचाच्या गाण्यांवरून भांडण होतं, कारण कोणाला ना कोणाला शब्द चावट वाटतात. गेल्या वर्षी सेक्रेटरी वैतागून मावशींकडे आले. "तुमच्या गाण्यांना शब्दच नाहीत ना? मग द्या एखादं." मावशींनी घसरगुंडी दिली. मुलं झकास नाचली, पण खरा प्रकार मागच्या खुर्च्यांमध्ये झाला. तिसऱ्या मजल्यावरचा शेअर दलाल, ज्याचा चेहरा आम्ही फक्त मोबाइलच्या उजेडात पाहिलेला, तो मोबाइल खिशात टाकून उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर तो मावशींजवळ आला.

"मावशी, हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"का रे, तू ओळखतोस?"

"ओळखतो म्हणजे काय? मे महिन्याची अख्खी सुट्टी मी आणि माझा भाऊ हाच गेम खेळायचो. कॅसेट लागली नाही की तोंडाने फुंकर मारून परत लावायचो."

पुढच्या रविवारी तो मावशींकडे आला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी दोघांना घेऊन आला. मग चाळिशीतले पाच-सहा बाप सकाळी अर्ध्या चड्डीत मावशींच्या हॉलमध्ये पोह्यांच्या बशा घेऊन उभे असायचे. धून लागली की एक म्हणायचा, इथे खड्डा येतो. दुसरा म्हणायचा, खड्ड्यानंतर कासव. दलाल आपल्या भावाबद्दल सांगायचा. आता दोघांचं बोलणं नाही, कारणही धड आठवत नाही. मावशी सगळ्यांना वाढत फिरायच्या. नव्या बशा आणल्या. "पोहे कमी पडले रे परत," अशी तक्रार त्या माझ्याकडे इतक्या आनंदाने करायच्या की मी मुद्दाम पुन्हा विचारायचो.

मग कोणीतरी म्हणालं, मावशी, लिंक पाठवा ना. मावशींचा हात अकाउंट्समध्ये तयार झालेला. त्यांनी सगळे अल्बम नीट लावून, आपली नावं घालून, प्रत्येकाला पाठवले. त्यानंतर एकाच्या मुलीचा क्लास रविवारी आला, एकाला वाकोल्याला सासऱ्यांकडे जावं लागू लागलं, एक नुसताच यायचा थांबला. कोणी भांडलं नाही. लिफ्टमध्ये भेटले की म्हणायचे, "मावशी, रोज ऐकतो हां गाडीत." मावशी म्हणायच्या, "हो का? छान."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी माझी बेल वाजवली. पोहे जास्त झाले होते. मी गेलो तर घर शांत होतं.

"आज गाणं नाही?"

"लावलं होतं." त्या बशीत लिंबू पिळत राहिल्या. "पण तो खड्डा आला आणि मला सगळी उभी दिसायला लागली. दलालाचा भाऊसुद्धा दिसला, ज्याला मी कधी बघितलं नाही. बंद केलं."

मी म्हटलं, फोन करतो सगळ्यांना, येतील.

"गप रे. त्यांचे संसार आहेत. वाईट का आहेत ती पोरं?"

मी पोहे खाल्ले. पुष्कळ होते, तरी सगळे खाल्ले. सोसायटीच्या पाण्याबद्दल, रंगकामाबद्दल बोललो. मी निघायला उठलो तेव्हा मावशी बशा घेऊन आत गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. त्या आवाजात पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी उपमा करू का?" मी नाही म्हटलं असतं, तर त्यांना ते ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. नळ बंद झाला. मग हो म्हटलं.