खाडीकाठचं जैसे थे घर

रेवदंड्याला खाडीच्या बाजूला सासऱ्यांची थोडी जागा होती. तिथे आम्ही दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं. जांभ्याच्या भिंती दाराच्या वर गेल्या आणि तालुक्याहून एक साहेब आले. जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात येते, काम थांबवा म्हणाले.

कायदा बदललाय, बंदीचा पट्टा कमी झालाय, हे माझ्या नवऱ्याने पेपरात वाचलं होतं.

"साहेब, नव्या नियमात आमची जागा मोकळी होते ना?"

"होईलही. पण त्याचे नकाशे अजून मंजूर व्हायचेत. तोपर्यंत जुनाच नकाशा धरायचा."

"मग आम्ही काय करायचं?"

"काही नाही. बांधू नका, पाडू नका. जैसे थे ठेवा."

तसंच ठेवलं. छप्पर नाही, फरशी नाही, नुसत्या चौकटी बसवलेल्या. आम्ही दिरांच्या घरात एका खोलीत राहत होतो. दिवाळी गेली, पावसाळा गेला, पुन्हा दिवाळी आली. नकाशा आला नाही.

आमच्या जागेपलीकडे एक कोळीण सुकट वाळत घालायची. एका दुपारी ती घरी आली. "वहिनी, तुमच्या नव्या घरात पाव्हणं आलंत काय?"

"छे, तिथे कोण येणार?"

"न्हाय कसं? आत कोन तरी पाय आपटीत चालतंय. चिखलात चालल्यावानी."

मी तिच्याबरोबर गेले. भर दुपार, ऊन लखलखीत. बाहेरून भिंती कोरड्या ठणठणीत होत्या. आत कोणी नव्हतं, पण चारी भिंतींना गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती. दोरी लावून आखावी तशी सरळ. त्या दिवशी उधाण होतं, पण खाडीचं पाणी आमच्या कुंपणापर्यंतसुद्धा आलेलं नव्हतं. कोळीण उंबऱ्यापाशीच थांबली. तिने पाट्या उचलल्या, त्या जागेत सुकट घालणं तिने तेव्हापासून सोडलं.

गवंडी म्हणाला, "खालून येतंय. भराव नीट दाबला गेला न्हाय, पाण्यानं वाट धरली." ऐकून बरं वाटलं.  सासरे मात्र रोज चहा झाला की तिकडे जाऊन बसायला लागले. का जाता विचारलं तर म्हणाले, "कोणी तरी असायला हवं ना तिथं."

पुढच्या पावसाळ्यानंतर मी आत गेले ती दारातच थबकले. जिथे मी ओटा घालणार होते, तिथे तिवराची, खाडीतल्या खारफुटीची रोपं उभी होती. जमिनीतून बोटांएवढी काळी मुळं वर आली होती, सगळी ओळीने दाराकडे. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "उपटायची नाहीत," एवढंच म्हणाले.

अखेर नकाशा मंजूर झाला. आमची जागा खरंच मोकळी झाली होती. नवरा पेढे घेऊन आला. पाहणीला यावेळी दुसरे साहेब आले, तरुण होते. दाराशी आले आणि का कोण जाणे, त्यांनी बूट काढले. आत डोकावून म्हणाले, "कोणी आहे का?"

"कोणी नाही," नवरा म्हणाला. "या ना."

ते आत आले नाहीत. बराच वेळ तिवरांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बांधकामाला आता हरकत नाही. पण तिवर तोडता येत नाही. त्याला वेगळा नियम आहे."

"आमच्या घरात उगवलंय ते!"

"म्हणूनच म्हणतो, यात पडू नका."

आम्ही एसटी स्टँडमागे भाड्याने खोल्या घेतल्या, आता तिथेच आहोत. सामान हलवताना नवऱ्याने खाडीकडच्या घराच्या दाराची चौकट तरी काढून आणू म्हटलं. सुतार गेला आणि हात हलवत परत आला. चौकट हलत नाही म्हणाला, मुळांनी धरलीय. सासरे त्या दिवशी पोटभर जेवले आणि कितीतरी दिवसांनी तिकडे न जाता दुपारी घरीच झोपले.