समेटकाकांचा मोठेपणा

आमच्या इमारतीच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन समेटकाका. चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यापासून औषधाऐवजी गोड बोलणं पाजतात. पार्किंगवरून दोन बिऱ्हाडं हातघाईवर आली की काकांचा मेसेज हजर: ‘दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. कृपया गैरसमज नसावा.’ पुढे जोडलेले हात. भांडण मिटतं, गाडी तिथेच आडवी उभी राहते. लोक म्हणतात, काका म्हणजे देवमाणूस. मला या देवमाणसाचा मनापासून वीट आलाय.

मागच्या सोमवारी सकाळी अकराला तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी ग्रुपवर फोटो टाकला. आमचा वॉचमन खुर्चीत, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. खाली लिहिलं, ‘याला पहारा म्हणायचं का?’ झालं! ज्यांनी कधी त्याला साधं ‘जेवलास का’ विचारलं नव्हतं, ते सगळे तुटून पडले. काढून टाका म्हणे. पाचव्या मजल्यावरच्या इंजिनिअरने तेवढं लिहिलं, ‘आधी त्याला विचारा तरी.’ ते बाईंना झोंबलं. ‘म्हणजे मी खोटं बोलते?’

मग काका धावून आले. वॉचमनसाठी नव्हे, बाईंसाठी. दोन तास खपून त्यांनी इंजिनिअरकडून दिलगिरी वदवून घेतली, बाईंकडून ‘माझ्याही मनात काही नाही’ मिळवलं. आणि या गोडीगुलाबीत वॉचमनला शनिवारपासून येऊ नको सांगायचं, हेही ठरून गेलं. सत्तावीस अंगठे पडले. त्यातला एक माझा. लाज वाटते, पण होता.

वॉचमन ग्रुपवर नव्हताच. शुक्रवारी संध्याकाळी तो आपला डबा पिशवीत भरत होता, तेव्हा मी विचारलं, “भरदिवसा झोपलात कसे हो?”

“झोपतोय कुठला साहेब? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना. काकाच रोज अकराला खाली येऊन ड्रॉप घालतात. पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत, असं त्यांनीच बजावलंय.” मग जरा चाचरत म्हणाला, “अजून पंधरा दिवस घालायचेत. माझं मला जमत नाही. काकांना विचाराल का, इथे येत जाऊ का म्हणून?”

माझं डोकंच फिरलं. तसाच वर गेलो.

“काका, तुम्हाला सगळं माहीत होतं! एक ओळ लिहायची होती फक्त.”

“अरे, चारचौघांत बाईंना तोंडघशी कसं पाडायचं? कुणाला दुखवायचं नाही, हा माझा नियम आहे.”

“आणि त्याच्या ड्रॉपचं काय?”

काकांचा चेहरा खरोखर कळवळला.

“येऊ दे की बिचाऱ्याला! मी घालीन. फक्त मागच्या जिन्याने यायला सांग. बाईंनी पाहिलं तर उगाच गैरसमज व्हायचा.”