निळा, राखाडी आणि आम्ही चौघे संशयित

चार माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून एका खोलीत बसली, तर सांगण्यासारखं काय घडणार? आमच्या खोलीत विश्वासाची सोय कधीच नव्हती. त्यामुळे किस्से मात्र भरपूर साठले.

खोली सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत आहे. तिथल्या कपाटात पहिल्या महायुद्धात विषारी गॅस लागलेल्या सैनिकांची चित्रं आहेत. तेव्हा रंगीत फोटो सहज निघत नसत. म्हणून चित्रकार खाटेशेजारी बसून निळे पडलेले ओठ, फोड आलेली कातडी, पट्ट्या बांधलेले डोळे रंगवायचे. आज एखाद्या कारखान्यात गॅस गळला, तर पेशंटकडे बघून शिकाऊ डॉक्टरांना गॅस ओळखता यावा, म्हणून आमच्या डॉक्टर मॅडम या चित्रांचा अभ्यास करतात. अंबादासकाका फिकट होत चाललेल्या चित्रांच्या नकला काढतात. इरफानभाई दारावर वॉचमन. मी नववीतून शाळा सोडलेला, काचा आणि फ्रेमा बसवतो. फारसं बोलत नाही, म्हणून काही हरवलं की आधी माझ्याकडे बघतात!

* * *

चित्रातल्या सैनिकांना नावं नाहीत. आम्ही त्यांना चेहऱ्याच्या रंगावरून हाक मारतो.

इरफानभाई नवीन होते तेव्हाची गोष्ट. आतून मॅडमचा आवाज आला, "निळ्याला आडवा कर! राखाड्याला आधी उन्हातून काढ, पार उतरलाय तो!"

संध्याकाळी इरफानभाईंनी मॅडमना दारातच अडवलं. "मॅडम, बुरा मत मानो. पण पेशंटां को वॉर्ड में डालो की! इधर कपाट में कायकू कोंडके रखे?"

* * *

काकांनी आयुष्यभर निळे ओठ रंगवले. त्यामुळे ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. चहाच्या गाड्यावर एकदा यावरून मारामारी व्हायची राहिली.

एका दुपारी ते धापा टाकत आत आले. "मॅडम, इरफानचे ओठ बघा! पक्का निळा हाय!"

मॅडम ऑक्सिमीटर घेऊन धावल्या. बोटाला लावला, नाडी बघितली. सगळं ठीक.

"काय खाल्लं होतंत?"

"जांभळं."

कॉलेजच्या आवारात जांभळाचं झाड एकच, प्रिन्सिपॉल साहेबांच्या बंगल्यातलं. मॅडमचा आवाज बदलला. "त्या झाडाची राखण कुणाकडे असते?"

"मेरेकडेच की!"

* * *

मग टेंभुर्णीचा एक माणूस आला. जुनी चित्रं विकत घेतो म्हणाला. मॅडमनी त्याला हाकललं, पण तो जाताना काकांशी मॅडमना न कळणाऱ्या कन्नडमध्ये दोन वाक्यं बोलला. बस्स! मॅडमच्या डोक्यात किडा शिरला.

काकांच्या नकला इतक्या हुबेहूब, की अस्सल कुठलं हे कळायचं नाही. मॅडमनी गुपचूप प्रत्येक अस्सल चित्राच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारली. कुणाला सांगितलं नाही.

आठवड्यानं काकांच्या ताज्या नकला बघायला घेतल्या. प्रत्येकीच्या मागे फुली!

"हे काय आहे, काका?"

काका खूश. "मागं पण हाय की ती खूण. नक्कल म्हणजे सगळी नक्कल, मॅडम. अर्धी करत नाही मी!"

त्या दिवसापासून काकांना कपाटाजवळ जायची बंदी झाली. कपाटाला लागूनच बेसिन, आणि ते वापरणारे काका एकटेच. त्यामुळे काका ब्रश बाहेरच्या नळावर धुवायला लागले.

* * *

पुढं खोलीत कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला.

"डब्यात अंडी कोण आणतं?" मॅडमनी विचारलं. सगळ्यांनी इरफानभाईंकडे बघितलं. इरफानभाईंनी माझ्याकडे बघितलं.

शेवटी टेबलावर सगळे डबे उघडले. काकांची भाकरी आणि शेंगाची चटणी. इरफानभाईंचं वांगं. माझा फोडणीचा भात. राहिला एक डबा. त्यात दोन उकडलेली अंडी.

"डाएट आहे," मॅडम म्हणाल्या आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात मटकी. वास होता तसाच. पण बोलणार कोण?

* * *

मग मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. सैनिकांच्या पांढऱ्या पट्ट्या काळ्या पडायला लागल्या. डोळ्यांतला पांढरा रंगही काळवंडला.

मॅडमनी हिशोब मांडला. अस्सल चित्रं टेंभुर्णीला गेली. कपाटात काकांच्या नकला आल्या. रंग हलका, म्हणून काळा पडला.

"माझा रंग काळा पडत नाही, मॅडम."

"मग हे काय?"

काकांनी चित्र उजेडाकडे वळवून पुन्हा पुन्हा बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सुट्टीनंतर चौकशी लावते. तोवर तुम्ही आत यायचं नाही."

रिटायर व्हायला टेकलेला माणूस चोर ठरणार होता. काका रोज यायचे, सही करायचे आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. हात मांडीवर, रिकामे. मला बोलायचं होतं. पण खरं सांगतो, मलाही खात्री नव्हती.

* * *

दिवाळीची सुट्टी संपली. मॅडमनी कुलूप काढलं आणि वासानं मागे सरकल्या. टेबलावर त्यांचा चांदीचा छोटा गणपती होता. तो काळाठिक्कर! त्यांनी गणपतीकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, मग बेसिनपाशी जाऊन वाकल्या. तिथं वापर बंद झाल्यापासून पाइपाच्या बाकात साठून गॅस अडवणारं पाणी आटलं होतं. गटारीचा गॅस सरळ वर येत होता. चांदी काळी होते त्यानं, आणि जुन्या चित्रांतला शिशाचा पांढरा रंगही. काकांच्या रंगात शिसं नसतं. म्हणजे काळी पडलेली चित्रं अस्सलच होती!

मॅडम खाली बसल्या. "अरे, या सैनिकांना परत गॅस लागला! मी गॅसची डॉक्टर, आणि माणसांचे डबे हुंगत बसले!"

इरफानभाईंनी बेसिनात बादलीभर पाणी ओतलं. मॅडमनी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना फोन लावून औषध विचारून घेतलं. मग बाहेर बाकापाशी गेल्या. "काका, पांढरं परत येतं म्हणे. पण हात अगदी हलका पाहिजे. चला."

काका उठले नाहीत. "एका अटीवर. तिघं समोर बसा. मी हात लावतो तेव्हा नजर काढायची नाही. उगं परत कुणाला वाटायला नको."

आत आलो. मॅडमनी खुर्ची ओढली, उलटी फिरवली आणि काकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या. इरफानभाईंनी स्टूल फिरवलं. मीही वळलो.

"ओ मॅडम, हिकडं बघा की!"

कुणी हललं नाही. मागे काकांचा ब्रश औषधात बुडाल्याचा आवाज आला.

मग काका म्हणाले, "झालं. कसं झालंय, मॅडम?"

भिंतीकडे बघतच मॅडम म्हणाल्या, "मस्त!"