धुतलेला बेल

त्या सोमवारी सकाळी आम्ही दोघं महादेवाच्या देवळात बसलो होतो. मी तांब्यानं पाणी घालत होतो, माझी बायको रुक्मिण बेलाचं एकेक पान धुऊन महादेवावर ठेवत होती. माझ्या छातीच्या दुखण्यात तिनं नवस बोलला होता, मालक उठले तर लाख बेल वाहीन. मी उठलो. ती नवस फेडत होती, पण रोज तीच पानं धुऊन. घरी येऊन भाकरी खाल्ली, जरा पडते म्हणाली... ती उठलीच न्हाई. महिना होत आला.

तिची शाळा चौथीपर्यंत, पण पोथी वाचताना थांबून इचार करायची. बाकीच्या बाया श्रावणात अख्ख्या फांद्या मोडून आणायच्या. नदीकाठची झाडं तोडून संपलेली, येडशीकडच्या रानातले बेलबी पार बोडके झालेले. माझी धाकटी बहीण सोजर तिला देवळात सगळ्यांपुढं म्हणाली, "वैनी, देवाला उष्टं वाहतीस व्हय?"

ही म्हणाली, "पोथीत लिवलंय, बेल शिळा होत न्हाई, धुऊन पुन्हा वाहावा. झाड बोडकं करा असं कुठं लिवलंय, ते दावा."

"ते अडीनडीला सांगितलंय."

"मग झाडाची अडचण दिसत न्हाई का, वन्सं?"

दहाव्याला नदीवर भाताचा पिंड ठेवला. कावळा शिवला की जीव सुटला म्हणतात. कावळा येईना. ऊन चढलं. सोजर रडत म्हणाली, "दादा, तिचा नवस अर्धा ऱ्हायलाय. ताजा बेल तोडून पुरा करतो म्हणा, तवाच शिवंल." सगळे माझ्याकडं बघत होते. म्या म्हणलं, "काठावरची झाडं तुम्हीच तोडली. कावळा बसंल कुठं?" बोललो खरा, पण आतून पार हाललो होतो. तिनं पोथीचा अर्थ चुकीचा लावला असंल तर? माझ्यापायी बोललेला नवस, आन् मीच तिला अडकवून ठेवलं असंल तर... मला जेमतेम अक्षरं लागतात, पोथीचा अर्थ न्हाई. जिला इचारायचं तीच गेली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक अंघोळी करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या भात शिजवला, जरा कच्चाच ऱ्हायला. रानातल्या एका बोडक्या बेलाखाली पत्रावळीवर ठेवला आन् लांब जाऊन बसलो. "ये गं" म्हणालो. दुपार झाली. भाताला मुंग्या लागल्या. म्या त्यांना हाकललं न्हाई.