टेकडीचा उत्तररंग

दुपारचं जेवण उरकून शालनबाई माजघरात चटईवर लवंडतात. डोळा लागावा की लागू नये अशी घटका. उन्हं कलली की टेकडीवर जायचंय, आणि पाय तर निघतच नाही.

गावामागच्या निलगिरीच्या रानाची निगा राखते ती रामाच्या देवळातली भजनी मंडळीच. होळीच्या आत वाळका पाला ओढून जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा रानात शिरत नाही. पाला ओढायची दाताळी चालायची कीर्तनकार दिगंबरबुवांच्या नामघोषावर. घोष जवळ येताना ऐकून तितर घरट्यावरून उठे, नि मंडळी तेवढी जागा सोडून पुढे जात. बुवा देवाघरी गेले, घोष थांबला. गेल्या खेपेला सगळे मुकाट्यानं पाला ओढत होते. दाताळं सरळ घरट्यावर. अंडी फुटली.

आता मंडळी बघतात शालनबाईंकडे. जन्मभर बुवांच्या मागे टाळ धरलेली बाई. पुढे कशी उभी राहणार?

माजघराचे खांब उंच उंच जातायत. त्यांची साल सुटतेय, लांब पट्ट्यांनी.

"पेंगलात होय, शालनबाई? माझ्या कीर्तनात कधी पेंगला नाहीत."

"बुवा! अहो, तुम्ही तर..."

"गेलो. ठाऊक आहे. मी होतो की तिथं!"

देवळाचा सभामंडप हा, पण फरशीवर घोट्याएवढा पाला. पुढच्या रांगेत ससे. खांबाला चिकटून घोरपड.

"ही माझी जुनी श्रोती," बुवा म्हणतात. "आरतीआधी कधी उठली नाही. तुमचे यजमान मात्र प्रसादापुरते उगवायचे."

"अजून तसेच आहेत," शालनबाई हसतात, आणि हसता हसता तोंडून निघून जातं, "बुवा, अंडी फुटली हो."

"कळलं मला. मुकं काम कुणी शिकवलं तुम्हाला?"

"गळा कुठाय मला? फाटका आवाज."

"तितराला ताना नकोत, बाई. माणूस येतोय, एवढं कळलं की झालं."

मंडपाला छप्पर उरलेलं नाही. वर निलगिरीचे शेंडे डोलतायत, घार पिल्लांना भरवतेय.

"तिकडं मला विचारतात, काय करून आलात? कीर्तनाचं मी बोलतच नाही. म्हणतो, आमची टेकडी उघडीबोडकी होती, आता तिथं घार नांदते. आमच्या शालनबाईंनी कडेवर घागरी वाहिल्यात चढणीला. अशी छाती फुगते, उपरणं खांद्यावर राहत नाही!"

शालनबाईंचे डोळे भरून येतात. बुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपलाय. आता रिवाजाप्रमाणे बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा. त्या तबक घेऊन पुढे होतात. बुवा त्यांच्याच हातातला हार घेतात, निलगिरीच्या पांढऱ्या फुलांचा, आणि त्यांच्याच गळ्यात घालतात. कपाळावर अंगठा टेकतो. गार.

"माझा पूर्वरंग झाला. उत्तररंगाला तुम्ही उभ्या राहा. मी बसतो मागे. टाळ द्या इकडं."

"बुवा, ताल चुकेल तुमचा."

"चुकू दे. घोरपड सांभाळून घेईल."

"आई, उठा, चहा झालाय." सून प्रणिता कप घेऊन उभी, आणि कपाळाकडे बघत राहिलेली. "बुक्का कधी लावलात? देऊळ तर अजून उघडायचंय."

शालनबाई कपाळाला बोट लावतात. बोट काळं. नाकाशी नेतात, तर वास निलगिरीचा.

बोट पदराला पुसायला गेलेला हात मध्येच थांबतो. चहा तसाच ठेवून त्या उठतात.

"प्रणिता, माझे टाळ कुठं ठेवलेस गं? आणि हे बघ, आजपासून घोष मी धरणार आहे. फाटका असला तरी."