आतून लागलेली कडी

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा मार्च संपत आला होता आणि कुंभिवलीत उन्हाचा कडाका सुरू झाला होता. डायपरने तिच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या. आता डायपर बंद, असं मी ठरवलं.

खोपोलीच्या बाजारातून मी बदकाच्या आकाराची पॉटी आणली. सासूबाईंना ती पटली नाही. त्यांनी आपली सगळी मुलं पायांवर बसवून शिकवली होती. आपण पाय पसरून बसायचं, पोराला दोन्ही पावलांवर बसवायचं आणि तोंडाने शूऽऽ करत राहायचं. "बदकावर बसून कुणाला शी होती का गं?" असं त्या मला नाही, नातीला विचारायच्या. नात बदकावर चड्डीसकट बसायची, गाणी म्हणायची आणि मग उठून पडद्यामागे जाऊन मोकळी व्हायची. मी फडकं घेऊन मागे.

शी करायची जागा कुठली ते तिला कळावं म्हणून मी बदक न्हाणीत नेऊन ठेवलं. आमची न्हाणी आणि संडास एकत्रच, घराच्या मागच्या अंगाला. दार फायबरचं. ते लोंबल्यामुळे वरची कडी लागेनाशी झाली होती, म्हणून नवऱ्याने खाली एक नवी कडी बसवली होती. मी आत गेले की मुलगी बाहेर दार बडवत उभी राहायची. आत जाऊन काय करायचं ते तिने त्यातूनच शिकून घेतलं होतं.

त्या दिवशी नवरा साजगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. मी भाकऱ्या थापत होते. मुलगी खेळता खेळता थांबली, चड्डी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाते. एकटी." मला इतका आनंद झाला की पिठाचे हात तसेच ठेवून मी गॅस बंद केला आणि तिच्या मागे निघाले. मी पोचेपर्यंत दार बंद झालं होतं. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मी हसतच तिला कडी काढायला सांगितलं. ती हो म्हणाली. कडी हलल्याचा आवाज आला, पण ती आणखीच घट्ट बसली. तिला एकाच बाजूला ढकलायचं माहीत होतं. थोड्या वेळाने ती रडायला लागली आणि दारालाच टेकून खाली बसली. दाराखालच्या फटीतून मला तिच्या टाचा दिसत होत्या. दार आत उघडणारं आणि ती त्यालाच टेकलेली, त्यामुळे लाथ मारून तोडायची सोय नव्हती. आणि तेव्हाच मला आठवलं की आत काय काय आहे. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून निळं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. संडास धुवायची अॅसिडची बाटली खाली कोपऱ्यातच होती. तिचं झाकण नीट लावलंय की नाही ते काही केल्या आठवेना.

सासूबाई धावत आल्या. त्यांनी आधी हायवेच्या दिशेने हाक मारून तिथल्या टपरीतल्या पंक्चरवाल्याला बोलावलं. मग, एरवी गुडघे धरून उठणाऱ्या बाई, सरळ ओल्या जमिनीवर आडव्या झाल्या आणि दाराखालून बोटं आत सरकवली.

"ही बघ आजीची बोटं. धर बरं."

रडणं थांबलं. ती बोटांशी खेळू लागली.

मी मागच्या बाजूला पळाले. कपडे धुवायच्या दगडावर चढून खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. त्या खिडकीतून माझं डोकंसुद्धा जेमतेम आत जात होतं. मी तिला हाक मारली आणि ती वर बघून हसली. बोटं सोडून उठली, बदक पायाने पिंपाशी ढकललं, त्यावर चढली आणि पिंपाचा काठ धरून म्हणाली, "आई, वर घे."

तिची हनुवटी पाण्याच्या वर होती. मी हात खाली सोडला तरी मध्ये खूप अंतर उरत होतं. खाली उतर, असं मी जितकं सांगत होते तितकी ती टाचा उंचावत होती.

"पिंपावर चढतेय," मी ओरडले.

दारापाशी पडलेल्या सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "तू तिथनं बाजूला हो. तू दिसतेस म्हणून ती येतीय. माझ्याकडं येऊ दे तिला."

मुलगी पाण्यावर वाकलेली असताना मी खिडकीखाली बसले. तिला बघायचंसुद्धा नाही, हे मला जमण्यातलं नव्हतं, पण बसले. कानात प्राण आणून ऐकत राहिले. पलीकडे दारापाशी सासूबाईंचं बोलणं चालूच होतं. आजीला तुझी पावलं दिसत नाय, कुठं हायत दाखव, माझ्या बोटांवर ठेव. मग त्यांनी शूऽऽ सुरू केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बदक घसरल्याचा खरखर आवाज आणि तिची पावलं वाजली.

पंक्चरवाला आला होता. शेवग्याच्या शेंगा काढायची आमची लांब आकडीची काठी भिंतीला लावलेली होती, ती त्याने उचलली. माणूस उंच. खिडकीच्या कडेला उभा राहून, आपण तिला दिसणार नाही अशा बेताने त्याने काठी आत सोडली. आकडीचं टोक कडीवरून निसटलं. पुन्हा निसटलं. खाली तिचं डोकं होतं.

"वहिनी, मावशींना सांगा, पोरीला जरा कडेला घ्या," तो हळू म्हणाला.

मी दारापाशी जाऊन सांगितलं. सासूबाईंनी बोटं फटीतून सरकवत सरकवत दुसऱ्या टोकाला नेली, तशी तीही सरकली. मग कडी सुटली. सासूबाईंनी तळव्याने दार इंचाइंचाने लोटलं आणि मी फटीतून हात घालून तिला बाहेर ओढलं.

तिने तिथेच, आजीच्या बोटांसमोर, शी केली होती. मी तिला धुवायला घेतलं तेव्हा पाणी भलतीकडेच पडू लागलं, आणि सासूबाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

संध्याकाळी नवऱ्याने खालची कडी उपटली आणि अॅसिडची बाटली माळ्यावर गेली. पुढे बरेच दिवस मुलगी आजीच्या पायांवरच बसत होती, मागच्या अंगणात. मी शेजारी बसायचे आणि कधीकधी मीही शूऽऽ करायचे.

मे महिन्यात मी तिला घेऊन कर्जतला माहेरी निघाले. चौक गाव सोडल्यावर भरलेल्या रिक्षात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आली." मी रिक्षा थांबवायला सांगितली. करवंदीच्या जाळीमागे तिने एका हाताने माझा पदर धरला आणि सगळं व्यवस्थित झालं. आम्ही परत येईपर्यंत रिक्षातली माणसं थांबली होती. एका बाईने तिला मांडीवर जागा दिली. चड्डी कोरडी आहे का, ते मी कर्जत येईपर्यंत दोनदा चाचपून पाहिलं. कोरडी होती.